फिलिपिन्सची नवी अकरावी-बारावी आणि तिथून कॉलेजात पोचलेली मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दहावीनंतर अकरावी असते हे आपल्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. फिलिपिन्समध्ये २०१६ सालापर्यंत ती नव्हतीच. शाळा दहा वर्षांत संपायची आणि सोळा वर्षांची मुलं थेट पदवीच्या वर्गात जाऊन बसायची. मग सरकारने मधे दोन वर्षं घातली. त्या दोन वर्षांतून गेलेली मुलं आता कॉलेजात आहेत किंवा कॉलेज संपवून बाहेर पडली आहेत, आणि त्यांना या प्रयोगाबद्दल बरंच काही म्हणायचं आहे.

सिनियर हायस्कूल म्हणजे नेमकं काय?

अकरावी आणि बारावी. फरक इतकाच की ही दोन वर्षं कॉलेजला जोडलेली नाहीत, शाळेचाच भाग आहेत. आधी सहा वर्षं प्राथमिक आणि चार वर्षं माध्यमिक अशी दहा वर्षांची शाळा होती. आता बालवर्ग, मग सहा वर्षं प्राथमिक, चार वर्षं ज्युनियर हायस्कूल आणि दोन वर्षं सिनियर हायस्कूल. या सगळ्या रचनेला तिथे ‘के टू ट्वेल्व्ह’ म्हणतात. तिचा कायदा १५ मे २०१३ रोजी राष्ट्राध्यक्ष बेनिग्नो अकिनो तिसरे यांच्या सहीने झाला. नवा अभ्यासक्रम सातवीत २०१२-१३ पासूनच सुरू झाला होता. पहिली अकरावी जून २०१६ मध्ये भरली आणि पहिली बारावी २०१८ च्या उन्हाळ्यात बाहेर पडली.

दहा वर्षांची शाळा चालत होती ना? मग दोन वर्षं वाढवली कशाला?

चालत होती, पण देशाबाहेर चालत नव्हती. दहा वर्षांच्या शाळेवर थेट पदवी देणारे देश जगात तीनच उरले होते: अंगोला, जिबूती आणि फिलिपिन्स. फिलिपिन्सचं अर्थकारण परदेशी गेलेल्या माणसांनी घरी पाठवलेल्या पैशावर मोठ्या प्रमाणात टेकलेलं आहे. नर्स, इंजिनिअर, जहाजावरचे अधिकारी जगभर जातात, आणि तिथे गेल्यावर ‘तुमची पदवी आमच्या पदवीला दोन वर्षं कमी पडते’ असं ऐकून घेतात. हे कारण सरकारने उघडपणे मांडलं होतं.

दुसरं कारण शाळेच्या आतलं. बारा वर्षांचा अभ्यास दहा वर्षांत कोंबल्यामुळे मुलांचा पाया कच्चा राहतो, असं शिक्षणखात्याचं म्हणणं होतं. तिसरं कारण असं, की सोळाव्या वर्षी शाळा सोडणाऱ्याला कायद्याने धड नोकरीही करता येत नाही. अठराव्या वर्षी हातात काहीतरी कसब घेऊन बाहेर पडला तर करता येईल. या तीन कारणांपैकी पहिलं सर्वांत पक्कं होतं आणि तिसरं सर्वांत लंगडं निघालं. त्याबद्दल खाली येईलच.

मुलांना निवड कशातून करावी लागते?

आपल्या सायन्स-कॉमर्स-आर्ट्‌ससारखीच, पण फाटे जास्त. वर चार ‘ट्रॅक’ होते: अकॅडमिक, तांत्रिक-व्यावसायिक (तिथे टीव्हीएल म्हणतात), क्रीडा, आणि कला व डिझाइन. अकॅडमिकमध्ये पुन्हा ‘स्ट्रँड’. विज्ञान-गणिताचा स्टेम, हिशेब-व्यवसायाचा एबीएम, मानव्य आणि समाजशास्त्रांचा ह्यूम्स, आणि ज्याचं काहीच ठरलेलं नाही त्याच्यासाठी गॅस, म्हणजे जनरल अकॅडमिक. टीव्हीएलमध्ये गृहशास्त्र, संगणक, कारखान्यातली कामं आणि शेती-मासेमारी. ढोबळमानाने हा आपल्या अकरावी-बारावीच्या व्यावसायिक अभ्यासक्रमाचा, म्हणजे एमसीव्हीसीचा भाऊ म्हणा.

दोन वर्षांत एकूण ३१ विषय. त्यातले १५ सर्वांना सारखे, ७ उपयोजित आणि ९ त्या त्या स्ट्रँडचे. एकतीस हा आकडा वाचून आपल्या अकरावीच्या पोरांना घाम फुटेल, पण हे विषय सत्रांमध्ये वाटलेले असतात, सगळे एकदम नसतात.

स्ट्रँड मुलं स्वतःच्या आवडीने निवडतात का?

कागदावर हो. प्रत्यक्षात दोन गोष्टी ठरवतात: जवळच्या शाळेत काय आहे आणि घरचे काय म्हणतात.

सात हजारांवर बेटांचा देश. मनिलातल्या मोठ्या खासगी शाळेत अकॅडमिकचे सगळे स्ट्रँड असतात, लहान गावातल्या सरकारी शाळेत गॅस आणि टीव्हीएलची एखादी शाखा, एवढंच. क्रीडा आणि कला हे ट्रॅक तर फारच थोड्या शाळांनी उघडले. स्टेम हवा असेल तर दुसऱ्या गावी रोज जा किंवा खोली भाड्याने घ्या. ज्यांना ते परवडलं नाही त्यांनी जे मिळालं ते घेतलं, आणि कॉलेजच्या दारात उभं राहिल्यावर त्याचा हिशेब द्यावा लागला.

घरच्यांचं म्हणणं काय असेल हे मराठी घराला वेगळं सांगायला नको. ‘स्टेम घे, पुढे काहीही करता येतं.’ आपल्याकडे ‘सायन्स घे’ म्हणतात तसंच. त्यामुळे ज्याला गणिताची मुळीच गोडी नाही असा मुलगाही स्टेमच्या वर्गात दोन वर्षं कॅल्क्युलसशी झटतो आणि शेवटी पत्रकारितेला जातो.

कॉलेजात गेल्यावर या दोन वर्षांचा फायदा झाला, असं मुलं म्हणतात का?

म्हणतात, आणि त्यातही एक गोष्ट सगळ्या स्ट्रँडची मुलं सांगतात: संशोधन. सिनियर हायस्कूलमध्ये ‘प्रॅक्टिकल रिसर्च’ नावाचे दोन विषय असतात, एक गुणात्मक पद्धतीचा, दुसरा आकडेवारीचा. त्यापुढे तिसरा, जिथे प्रत्यक्ष प्रकल्प पुरा करून परीक्षकांसमोर उभं राहून त्याचा बचाव करायचा. सतरा वर्षांच्या मुलांना प्रश्नावली तयार करणं, आधीचं लिखाण धुंडाळणं, संदर्भ कसे द्यायचे हे शिकणं भाग पडतं. वर्गात या विषयाला शिव्या घालणारी मुलंच कॉलेजात तिसऱ्या वर्षी प्रबंधाला बसली की सांगतात, निदान हा प्रकार नवा नव्हता. आपल्याकडे पदवीच काय, पदव्युत्तरला गेलेल्या मुलांनाही कधी कधी संदर्भसूची कशी लिहायची ते माहीत नसतं, हे लक्षात घेतलं तर ही कमाई छोटी नाही.

दुसरी गोष्ट बोलण्याची. अंतर्गत गुणांमध्ये प्रत्यक्ष कृतीला, म्हणजे सादरीकरण, गटकार्य, नाटुकलं, अहवाल यांना मोठा वाटा असतो. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या वर्गात उभं राहून बोलताना ही मुलं कमी बिचकतात. एबीएममधून अकाउंटन्सीला गेलेल्यांना जमा-नावे आधीच ठाऊक असतं. स्टेममधून इंजिनिअरिंगला गेलेल्यांनी डेरिव्हेटिव्ह आधी पाहिलेलं असतं.

आणि वय. सोळाऐवजी अठराव्या वर्षी कॉलेजात येणं ही गोष्ट मुलं फारशी बोलून दाखवत नाहीत, पण घर सोडून शहरात राहायला आलेल्या मुलाच्या बाबतीत या दोन वर्षांनी मोठा फरक पडतो.

मग तक्रार नेमकी कशाची आहे?

‘हे आम्ही शिकलोय.’ या एका वाक्यात अर्धी तक्रार येते.

सरकारने दोन वर्षं वाढवताना असं समजावलं होतं की कॉलेजातले सर्वसाधारण शिक्षणाचे विषय खाली शाळेत उतरतील आणि कॉलेज मोकळं होईल. काही प्रमाणात तसं झालंही. उच्च शिक्षण आयोगाने, म्हणजे चेडने, सर्वसाधारण शिक्षणाचे विषय पूर्वीच्या ५१ ते ६३ युनिटांवरून (म्हणजे क्रेडिट) ३६ वर आणले. पण उरलेले विषय पाहा. शाळेत ‘पर्सनल डेव्हलपमेंट’ झालेलं असतं, कॉलेजात ‘अंडरस्टँडिंग द सेल्फ’ येतं. शाळेत तोंडी संवाद आणि वाचन-लेखन असे दोन विषय झालेले असतात, कॉलेजात ‘पर्पजिव्ह कम्युनिकेशन’ येतं. शाळेत प्रादेशिक कला, कॉलेजात कला-आस्वाद. शाळेत माणसाचं तत्त्वज्ञान, कॉलेजात नीतिशास्त्र. शाळेत जनरल मॅथ्स आणि संख्याशास्त्र, कॉलेजात ‘मॅथेमॅटिक्स इन द मॉडर्न वर्ल्ड’. कागदावर प्रत्येक जोडीत दुसरा विषय ‘अधिक सखोल’ आहे. वर्गात तो सखोल होतो की नाही हे शिकवणाऱ्यावर अवलंबून, आणि ज्या प्राध्यापकाने शाळेचा नवा अभ्यासक्रम कधी उघडूनच पाहिला नाही तो पहिल्या पानापासून सुरुवात करतो.

तक्रारीचा दुसरा अर्धा भाग वर्षांचा. अनेक पालकांची समजूत होती की शाळा दोन वर्षांनी वाढली म्हणजे कॉलेज कमी होईल. ते झालं नाही. बहुतेक पदव्या चार वर्षांच्याच राहिल्या. इंजिनिअरिंगच्या अनेक शाखा पाचाच्या चार वर्षं झाल्या, हा अपवाद, आणि त्याचीही किंमत आहे: बीजगणित आणि त्रिकोणमिती आता शाळेची जबाबदारी, कॉलेज थेट कॅल्क्युलसपासून सुरू. ज्याच्या शाळेत प्री-कॅल्क्युलस नीट शिकवलं गेलं नाही त्याला कॉलेज मागे वळून काही देत नाही.

माझ्या मते दोन वर्षं वाढवणं ही चूक नव्हती. पण शाळेने आपला भाग बदलला आणि कॉलेजांनी तो पुरता वाचलाच नाही. मुलं जे बोलतात ते नीट ऐकलं तर त्यांचा राग बारावीवर कमी आहे. बारावी झाली आहे हे विसरून शिकवणाऱ्या पहिल्या वर्षावर तो जास्त आहे.

शाळेत एक स्ट्रँड आणि कॉलेजात भलतीच पदवी, असं चालतं का?

चालतं. चेडच्या २०१७ च्या आदेशानुसार कुठल्याही ट्रॅकमधून बारावी झालेला विद्यार्थी कॉलेज-प्रवेशाला पात्र आहे. पण प्रवेश देणाऱ्या संस्थेला स्वतःच्या अटी घालता येतात. बऱ्याच ठिकाणी इंजिनिअरिंगला किंवा विज्ञानाच्या पदवीला स्टेमच हवा अशी अट असते, नाहीतर ‘ब्रिजिंग’चे विषय आधी पूर्ण करावे लागतात. हे ब्रिजिंग म्हणजे साधारणपणे प्री-कॅल्क्युलस, रसायन, भौतिक असे विषय थोडक्या आठवड्यांत उरकणं. ज्याला दोन वर्षं मिळाली होती त्याच्या शेजारी बसून ते करायचं. ह्यूम्समधून नर्सिंगला किंवा टीव्हीएलमधून इंजिनिअरिंगला आलेल्यांचं पहिलं वर्ष त्यामुळे फार दमछाकीचं जातं.

उलट दिशेचा प्रवास सोपा. स्टेमवाल्याला कुणी अडवत नाही. म्हणून तर घरचे स्टेम घ्यायला सांगतात, आणि ते चुकीचं सांगतात असं म्हणता येत नाही.

पहिल्या तुकडीचं काय झालं?

त्यांच्याइतकी प्रयोगात सापडलेली पिढी दुसरी नसेल. २०१२ साली सातवीत गेले तेव्हा नवा अभ्यासक्रम त्यांच्यापासून सुरू. आठवी, नववी, दहावी, प्रत्येक इयत्ता त्यांच्यासाठी पहिल्यांदा लिहिली जात होती. २०१६ साली सुमारे १५ लाख मुलं देशातल्या पहिल्या अकरावीत बसली तेव्हा अनेक शाळांत वर्गखोल्यांचं बांधकाम चालू होतं आणि पुस्तकं यायची होती. वर कुणी मोठं भावंड नव्हतं की ज्याला विचारावं, ‘ह्या स्ट्रँडमध्ये काय असतं रे?’

त्यात त्यांच्या आधीची, दहा वर्षांत सुटलेली मुलं कॉलेजात आणखी दोन वर्षं पुढे निघून गेली. वयाने एका वर्षाचं अंतर असलेल्या भावंडांमध्ये एकाची पदवी २०१९ मध्ये झाली आणि दुसऱ्याची २०२२ मध्ये, असं घरोघरी झालं. ऑगस्ट २०१८ मध्ये हे कॉलेजात पोचले, तर कॉलेजचा नवा अभ्यासक्रमही त्यांच्यापासूनच सुरू. दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा मार्च २०२० उजाडला आणि मनिला बंद झाली. उरलेली पदवी बहुतेकांनी पडद्यावर पूर्ण केली.

लॉकडाउनमध्ये सिनियर हायस्कूल केलेल्यांचा अनुभव वेगळा आहे का?

खूपच. २०२० मध्ये अकरावीत गेलेल्या मुलाने दोन वर्षांत शाळेचा वर्ग जवळजवळ पाहिला नाही. त्या वर्षी शाळा ५ ऑक्टोबरला सुरू झाल्या त्याही दुरूनच. इंटरनेट नसलेल्या घरांसाठी छापील ‘मॉड्यूल’ होती. पालकांनी शाळेत जाऊन गठ्ठा आणायचा, मुलाने उत्तरं लिहायची, पालकांनी परत नेऊन द्यायचा. प्रयोगशाळा नाही, गटाने करायचं संशोधन फोनवर, आणि कामाचा अनुभव म्हणून जे होतं ते घरबसल्या.

ही मुलं २०२२ मध्ये कॉलेजात आली. आधीच्या तुकड्या संशोधन आणि बोलण्याचा सराव या ज्या दोन गोष्टींबद्दल समाधानी होत्या, नेमक्या त्याच यांच्या वाट्याला आल्या नव्हत्या. गुणपत्रिका मात्र चांगल्या. प्रवेशपरीक्षाही या काळात कोलमडल्या होत्या. फिलिपिन्स विद्यापीठाची प्रसिद्ध ‘यूपकॅट’ही २०२० मध्ये झाली नाही आणि शाळेच्या गुणांवरच निवड केली गेली. पहिल्या सत्रात जनरल केमिस्ट्रीची खरी बाटली हातात आली तेव्हा ती कशी धरायची इथून सुरुवात करणारी मुलं त्यांच्यात होती. आपल्या २०२१ च्या, परीक्षा न देता पास झालेल्या दहावी-बारावीच्या तुकडीला हे सगळं आतून कळेल.

‘वर्क इमर्शन’ म्हणजे काय? ते उपयोगी पडतं का?

बारावीत किमान ८० तास एखाद्या कामाच्या ठिकाणी जायचं. टीव्हीएलवाल्यांना जास्त. चांगल्या ठिकाणी पडलात तर दवाखान्याची नोंदणी, बँकेतलं कामकाज, गॅरेजमधली दुरुस्ती बघायला मिळते. वाईट ठिकाणी पडलात तर झेरॉक्स काढायची, फायली लावायच्या आणि साहेबांसाठी कॉफी आणायची. दुसरा अनुभव जास्त ऐकू येतो. तरीही काही मुलं सांगतात की याच ८० तासांत कळलं, हे काम आपल्याला जन्मात करायचं नाही. पदवीला प्रवेश घेण्याआधी इतकं कळलं तरी पुष्कळ झालं.

बारावी झाली की नोकरी मिळेल असं सांगितलं होतं. मिळते का?

हे ते लंगडं तिसरं कारण. टीव्हीएलच्या मुलांना टेस्डा या कौशल्यसंस्थेची परीक्षा देऊन ‘नॅशनल सर्टिफिकेट’ मिळवता येतं. स्वयंपाक, वेल्डिंग, काळजीवाहूचं काम, संगणकदुरुस्ती असं काहीही. पण ही परीक्षा शाळेत आपोआप होत नाही, वेगळी द्यावी लागते, आणि अनेकांनी दिलीच नाही. शिवाय मालक लोक जाहिरातीत ‘पदवीधर’ लिहीत राहिले. मॉलमधल्या विक्रेत्यालाही कॉलेजची दोन वर्षं मागण्याची सवय असलेल्या बाजाराला नुसता बारावीवाला घ्यायला कायद्याने कसं शिकवणार?

परिणाम असा की बारावी झालेली बहुतांश मुलं कॉलेजलाच जातात, टीव्हीएलचीही. कॉलेज न शिकता कमवायला लागावं म्हणून काढलेला ट्रॅक, आणि त्यातली मुलं ब्रिजिंगच्या वर्गात.

खर्चाचं काय?

सरकारी सिनियर हायस्कूल मोफत. खासगी शाळेत जायचं असेल तर व्हाउचर मिळतं. योजना सुरू झाली तेव्हा सरकारी दहावीतून आलेल्या मुलाला राजधानी परिसरात वर्षाला २२,५०० पेसो, मोठ्या शहरांत २०,०००, इतरत्र १७,५०० पेसो अशी रक्कम होती. ती मुलाच्या हातात येत नाही, शाळेला जाते. शाळेची फी त्याहून जास्त असेल तर फरक घरच्यांनी भरायचा, गणवेश, प्रवास आणि प्रकल्पांचा खर्च वेगळा. संशोधनाच्या विषयाबद्दल मुलं कितीही चांगलं बोलली तरी त्याच्या छपाईवर आणि बांधणीवर गेलेले पैसे विसरत नाहीत.

एक योग मात्र जुळून आला. ऑगस्ट २०१७ मध्ये सरकारी विद्यापीठांतली पदवीची फी माफ करणारा कायदा झाला आणि त्याची पहिली पूर्ण लाभार्थी हीच बारावीची पहिली तुकडी ठरली. दोन वर्षं जास्त शिकवावं लागलं म्हणून चिडलेल्या कित्येक घरांचा राग तिथे थोडा निवला. अर्थात ज्यांना सरकारी विद्यापीठात जागा मिळाली त्यांच्याच घरचा.

तिथे बारावीला बोर्डाची परीक्षा असते का?

नाही! आपल्याला हे पटायला जड जातं, पण आपल्यासारखी, जिच्या टक्क्यांवर आयुष्य टांगलेलं असतं अशी बोर्डाची परीक्षा तिथे नाही. शाळाच गुण देते. लेखी काम, प्रत्यक्ष कृती आणि तिमाही परीक्षा यांची ठरलेली टक्केवारी. ७५ ला पास. ९० पासून सन्मान, ९५ पासून वरचा सन्मान, ९८ पासून सर्वोच्च.

याचा फायदा असा की अकरावी-बारावी क्लासच्या बाकावर जात नाही. आपल्याकडे कित्येक मुलांचं कॉलेज फक्त हजेरीपटावर असतं, तिथे मुलं खरोखर शाळेत असतात. तोटा असा की गुण फुगतात. सन्मानाच्या रिबिनी इतक्या वाटल्या जातात की कॉलेजं त्यांच्याकडे बघत नाहीत आणि स्वतःची प्रवेशपरीक्षा घेतात. ९६ घेऊन आलेली मुलगी पहिल्या सत्रात एका विषयात नापास होते तेव्हा तिला जो धक्का बसतो त्याची तयारी शाळेने करून घेतलेली नसते.

कॉलेजच्या प्राध्यापकांवर याचा काय परिणाम झाला?

२०१६ आणि २०१७, सलग दोन वर्षं, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला येणारी मुलं शाळेतच थांबली. आधी पहिलं वर्ष रिकामं, मग पहिलं-दुसरं रिकामं. सुमारे २५ हजार नोकऱ्या धोक्यात येतील असा अंदाज होता. सरकारने प्राध्यापकांना पुढच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या दिल्या, काहींनी सिनियर हायस्कूलमध्ये शिकवायला घेतलं, कंत्राटावर असलेले अनेक जण बाहेर पडले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने कायदा वैध ठरवला.

त्याच खटल्यात भाषेचाही प्रश्न होता. फिलिपिनो भाषा आणि साहित्य हे कॉलेजचे सक्तीचे विषय चेडने शाळेकडे ढकलले होते. भाषेच्या प्राध्यापकांनी जोरात विरोध केला, २०१५ मध्ये स्थगितीही मिळवली, पण अंतिम निकालात ती उठली. पदवीत आपली भाषा सक्तीची हवी की नको, हा वाद मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल.

महाराष्ट्रातही कधीतरी असाच बदल झाला होता ना?

झाला होता, सत्तरच्या दशकात. कोठारी आयोगाने सुचवलेला १०+२+३ आकृतिबंध तेव्हा आला आणि अकरावीची जुनी एसएससी जाऊन दहावीची आली. ‘आम्ही जुन्या अकरावी मॅट्रिकचे’ असं सांगणारे आजोबा अजून भेटतात. पण दोन फरक महत्त्वाचे. आपल्याकडे आधी अकरा वर्षं शाळा, एक वर्ष प्री-डिग्री आणि तीन वर्षं पदवी, म्हणजे पंधरा. नंतर दहा, दोन आणि तीन, पुन्हा पंधराच. एकूण बेरीज बदलली नाही, म्हणून घरातून फार ओरड झाली नाही. फिलिपिन्समध्ये चौदाची सोळा झाली.

दुसरा फरक असा की आपण ही दोन वर्षं बऱ्याच ठिकाणी कॉलेजच्याच इमारतीत ठेवली आणि त्यांना ‘ज्युनियर कॉलेज’ म्हटलं. शैक्षणिकदृष्ट्या त्याचे तोटे आपण आजही भोगतो, कारण सोळा वर्षांच्या मुलाला कुणी विचारत नाही तो वर्गात का नाही. पण प्राध्यापकांची नोकरी मात्र त्यामुळे वाचली.

आता अभ्यासक्रम पुन्हा बदलतोय असं ऐकलं. खरं का?

खरं. जून २०२५ पासून आठशेहून जास्त शाळांमध्ये नवा आराखडा प्रायोगिक पातळीवर सुरू झाला. सर्वांना सारखे असणारे १५ विषय आता फक्त ५: संवाद, जीवनकौशल्यं, गणित, विज्ञान, आणि फिलिपिन्सचा इतिहास व समाज. चारऐवजी दोनच ट्रॅक, अकॅडमिक आणि तांत्रिक-व्यावसायिक, आणि बाकीचे विषय मुलांनी निवडायचे. स्ट्रँडच्या भिंती पाडल्या आहेत. इंजिनिअरिंगकडे जाणारा मुलगा भौतिकशास्त्रासोबत एखादा तांत्रिक विषयही घेऊ शकतो.

जुन्या तुकड्यांची तक्रार इथे ऐकली गेलेली दिसते. पण निवड वाढवली म्हणजे शिक्षकही वाढवावे लागतात, आणि ज्या गावात कालपर्यंत दोन स्ट्रँड होते तिथे आज वीस पर्यायी विषय कोण शिकवणार? या मुलांची पहिली तुकडी २०२७ मध्ये कॉलेजात पोचेल.

सिनियर हायस्कूल रद्दच करा, अशीही मागणी आहे ना?

आहे. २०२५ मध्ये तिथल्या सिनेटमध्ये तसं विधेयक मांडलं गेलं. लोकांचा राग खरा आहे. पण पिसा या आंतरराष्ट्रीय चाचणीत २०१८ मध्ये फिलिपिन्स वाचनात सर्वांत तळाला होता आणि २०२२ मध्येही फार वर आला नाही, हे या वादात विसरलं जातं. पिसा देणारी मुलं पंधरा वर्षांची असतात, म्हणजे सिनियर हायस्कूलच्या आधीची. दहावीपर्यंत धड वाचता न आलेल्या मुलाला अकरावीत संशोधन करायला लावलं तर दोष अकरावीचा नाही. दोन वर्षं काढून टाकली तर तोच मुलगा दोन वर्षं आधी कॉलेजच्या वर्गात बसेल, एवढंच.

भारतातून बारावी करून फिलिपिन्सला शिकायला जाणाऱ्यांना सिनियर हायस्कूल करावं लागतं का?

नाही. आपली बारावी तिथल्या बारावीच्या बरोबरीची धरली जाते. डॉक्टर व्हायला दावाओ किंवा मनिलाला जाणाऱ्या मराठी मुलांनी मात्र वेगळी गोष्ट नीट तपासावी. तिथे वैद्यकीय शिक्षण पदवीनंतर असतं, त्यामुळे आधी बी.एस. आणि मग एम.डी. भारतात परत येऊन प्रॅक्टिस करण्यासाठी २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचं वैद्यकीय शिक्षण आणि तिथेच १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते, आणि बी.एस.चा काळ त्या ५४ महिन्यांत मोजला जात नाही. एजंट काय सांगतो यापेक्षा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे ताजे नियम स्वतः वाचा, आणि पैसे भरण्याआधी वाचा.